मेथीच्या वाफ्यात मांजरं शी करतात, काय करू?

अंगण_तळमजला

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला तळमजल्याचा फ्लॅट आहे, मागच्या बाजूला साधारण १२ बाय २० फुटांची जागा मिळालीये आणि तिथे मी जमेल तशी बाग करते. पावसाळ्यात काही त्रास नव्हता. दसरा झाल्यावर वाफे खणले, शेणखत आणि कोकोपीट घालून माती अगदी भुसभुशीत केली, मेथी पालक कोथिंबीर पेरली, आणि तेव्हापासून सोसायटीतल्या समस्त मांजरांना तो आपल्यासाठीच बांधलेला संडास वाटायला लागलाय. सकाळी बघावं तर वाफा उकरलेला, मेथीचे दाणे वर आलेले, एका कोपऱ्यात व्यवस्थित माती ओढून झाकलेलं असतं आणि ते आपल्याला कळतं कधी तर खुरपं घातल्यावर. 🤢

वर एक काळापांढरा बोका आहे, तोंडाने नुसता थोराड, तो मोगऱ्याच्या कुंडीकडे पाठ करून शेपूट थरथरवत फवारा मारून जातो. त्या वासाने संध्याकाळी मागचं दार उघडवत नाही.

मांजरांशी माझं वैर नाही, मारायचं बिरायचं नाहीये, विषबिष सुचवू नका. पण दिवाळीनंतर धाकटी जाऊ राहायला येतेय, तिला पाचवा महिना आहे, आणि मांजराच्या शीमुळे गरोदर बाईला काहीतरी होतं असं सासूबाईंनी कुठेतरी ऐकलंय. त्यामुळे आता घरात रोज हाच विषय. कुणी खरंच करून बघितलेलं असेल तर सांगा.

---

झटपट_उपाय

सोप्पंय. डांबराच्या गोळ्या आणा, फोडून वाफ्याच्या कडेने टाका, मांजर फिरकणार नाही. नाहीतर फिनेल पाण्यात मिसळून शिंपडा. मिरचीची पूड पण चालते, एकदा नाकात गेली की परत येत नाही. आणि लाल पाण्याच्या बाटल्या टांगा, आमच्या अख्ख्या कॉलनीत आहेत.

---

गल्लीतला_पाटील

बाटल्यांचं नाव काढू नका राव. आमच्याकडं कोल्हापुरात एकेका दारात चारचार बाटल्या असायच्या, कुणाच्या लाल तर कुणाच्या निळीच्या. आमच्या दारातली कुत्री त्याच बाटलीवर तंगडी वर करून जायची आणि मांजर तर बाटलीला टेकून ऊन खात पडलेलं मी डोळ्यानं बघितलंय. जपानात पण म्हणे लोक भिंतीच्या कडेला पाण्याच्या बाटल्या ठेवतात मांजरं येऊ नयेत म्हणून, म्हणजे हे खूळ आपल्यापुरतं नाही एवढंच समाधान.

---

गुरांचा_दवाखाना

मी पशुवैद्य आहे, आधी वरच्या उपायांबद्दल बोलतो कारण ते वाचून कुणी आजच संध्याकाळी करून मोकळं व्हायचं.

डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. मांजराच्या लिव्हरला आणि रक्ताच्या तांबड्या पेशींना त्रास होतो, आणि पांढऱ्या गोळ्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या की लहान मूल पेपरमिंट समजून तोंडात घालतं तो धोका वेगळाच. शिवाय ताई तिथे तुम्ही मेथी लावलीये, ती तुम्हीच खाणार आहात.

फिनेल तर अजिबात नको. मांजराच्या लिव्हरमध्ये फिनॉल जातीचे पदार्थ निकामी करणारी यंत्रणा जवळजवळ नसतेच, जी माणसात आणि कुत्र्यातही असते. मांजर फिनेलवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं आणि ते सगळं पोटात जातं. क्रोसिनची एक गोळी मांजराला मारू शकते तीसुद्धा याच कारणाने, त्यामुळे घरात मांजर पाळणाऱ्यांनी ताप आला म्हणून आपली गोळी मोडून देऊ नका, दर वर्षी एकतरी केस येते माझ्याकडे. मिरचीपूड पंजाला लागते, तोच पंजा डोळ्यावर फिरतो, जनावर तडफडतं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पाणी घातलंत की पूड वाहून जाते. कॉफीचा चोथा काही लोक टाकतात तोही टाळा, कॅफिन त्यांना चालत नाही.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा मांजरांनाही लागू आहे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारणं, त्याला विष घालणं, अधू करणं याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुम्ही तसलं काही करणार नाही हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिलं.

आता जावेचं. सासूबाईंनी ऐकलंय ते खरं आहे, फक्त अर्धं. त्या रोगाला टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणतात, तो टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होतो. मांजराला हा जंतू पहिल्यांदा झाला की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून जंतूंची अंडी पडतात, पुढे सहसा नाही. ताजी शी लगेच संसर्ग देत नाही, ती अंडी तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. पण एकदा तयार झाली की ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकतात. म्हणून रोजच्या रोज उचललं तर धोका खूपच कमी होतो आणि आठवडाभर तसंच राहिलं तर वाढतो. जावेने बागेत माती उकरायचं काम करू नये, करायचंच असेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, बागेतली कोथिंबीर कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्यात नीट धुवावी. मांजराला हात लावला म्हणून सहसा होत नाही, मातीतून आणि अर्धकच्च्या मटणातून होतो. बाकी तिच्या डॉक्टरांना विचारा, रक्ताची तपासणी असते.

आणि ही शी कंपोस्टमध्ये टाकू नका. घरच्या कंपोस्टचा ढीग तेवढा तापत नाही.

---

झटपट_उपाय

आमच्याकडे २० वर्षं गोळ्या टाकतात, एकही मांजर मेलेलं नाही.

---

गुरांचा_दवाखाना

मेलेलं मांजर तुमच्या अंगणात येऊन मरत नाही हो, पत्र्याखाली, नाल्यात, कुठेतरी आडोशाला जाऊन पडतं. तुम्हाला दिसणार कसं.

---

कुळागरातून

मी सावंतवाडीच्या पुढे राहतो, थोडं कोकणी वळणाचं मराठी सांभाळून घ्या. आधी एक विचारू का, हे मांजरच आहे याची खात्री आहे? आमच्याकडे निम्म्या वेळा लोक मांजराला शिव्या घालतात आणि काम असतं दुसऱ्याचंच. मांजर दोन बोटं उकरतं, बसतं, परत ओढून झाकतं. घूस असली तर बीळ असतं आणि बाहेर मातीचा ढीग काढलेला असतो. उदमांजर असलं तर ते झाकतच नाही, उलट गडग्यावर, पत्र्यावर, अशा उंच जागी उघड्यावर करून ठेवतं आणि त्यात बिया असतात, भेरली माडाच्या, जांभळाच्या, पपईच्या. पुण्यातसुद्धा टेकडीच्या बाजूला उदमांजरं आहेत बरं का, आणि तो वन्यप्राणी आहे, त्याला हात लावायचा नाही.

तुमच्या वर्णनावरून मांजरच वाटतंय, तरी सांगून ठेवलं.

आता उपाय. आमच्याकडे पेरलं की वाफ्यावर करवंदीच्या नाहीतर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या, ही आजीच्या वेळची पद्धत. कोंबड्याही उकरत नाहीत आणि मांजरंही. लिंबाच्या झाडाची छाटणी केलीत तर त्याच काटक्या चालतात. रोप चार बोटं झालं की काढून टाका.

दुसरं एक कुणी सांगत नाही ते सांगतो. तुमच्या कुंड्यांत पावसाळ्यात खोकली उगवते का बघा, काही ठिकाणी कुप्पी म्हणतात. हिरवं साधंसं तण, वीतभर ते हातभर, पानं दातेरी, आणि दांडीला हिरव्या वाट्यांसारखं काहीतरी असतं त्यात बारीक फुलं. हिचं मूळ उपटलं की मांजराला त्या वासाची भूल पडते, लोळतात, लाळ गाळतात, मूळ चावत बसतात. आमच्या शेजारणीने दिवाळीच्या आधी सगळं तण उपटून बागेच्या कोपऱ्यात ढीग घातला आणि रात्री सगळ्या वाडीची मांजरं तिच्या अंगणात. तण काढलंत तर ढीग तिथे ठेवू नका, बाहेर नेऊन टाका.

---

अंगण_तळमजला

अहो खोकली! त्या वाट्यांचं वर्णन वाचून लगेच मागे जाऊन बघितलं, भिंतीच्या कडेने ओळीने आहे आणि मी परवाच अर्धी उपटून तिथेच वाळत टाकली होती आच्छादन म्हणून. आत्ता पिशवीत भरून बाहेर ठेवली. हा धागा इथेच संपला तरी चालेल मला.

बीळबीळ काही नाही, मांजरंच आहेत, मी डोळ्यांनी बघते ना रोज. साधारण पाच सहा आहेत, त्यातली दोन पार्किंगमधली, एक बी विंगमधल्या काकूंची पाळलेली गळ्यात पट्टा घातलेली, बाकीची कुठून येतात माहीत नाही. बी विंगच्या काकू रोज रात्री मीटररूमच्या बाहेर दूधभात आणि माशाची डोकी ठेवतात. मीटररूम म्हणजे माझ्या भिंतीला लागूनच.

---

भाटीची_आई

मग प्रश्न तिथे आहे ताई, मांजरांत नाही. खायला एके ठिकाणी घालायचं आणि हागायची सोय कुणीच करायची नाही, मग ती जाणार कुठे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट, अख्ख्या सोसायटीत उकरता येईल अशी माती फक्त तुमच्या वाफ्यात. मी मांजरवाली आहे, माझ्याकडे चार आहेत, पण मी हे तुमच्या बाजूने बोलतेय.

आधी नसबंदी. तो फवारा मारणारा बोका नसबंदी न झालेला असणार, ती त्याची हद्द आखायची पद्धत आहे, नुसती शू नव्हे. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचं ते थांबतं किंवा खूप कमी होतं, वासही तितका उग्र राहत नाही. लगेच नाही, काही आठवडे जातात. भाट्या तर पाच महिन्यांच्या असताना गाभण राहू शकतात आणि दोन महिन्यांत पिल्लं, म्हणजे आज पाच आहेत त्या पुढच्या दसऱ्याला किती होतील बघा. २०२३ चे जे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले त्यात कुत्र्यांसोबत मांजरंही आहेत, मनपाकडे चौकशी करा, नाहीतर एखाद्या संस्थेला फोन करा, पिंजरा लावून नेतात आणि परत तिथेच आणून सोडतात. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर समजायचं झालेली आहे.

उचलून लांब सोडून यायचा विचार कुणी केला असेल तर उपयोग नाही. एक गेलं की रिकाम्या जागेत दुसरं येतं, आणि ते आलेलं नसबंदी न झालेलं असतं.

आणि काकूंशी भांडू नका, गोडीने बोला. खाण्याची जागा सोसायटीच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सांगा, आणि ताटली अर्ध्या तासात उचलायला सांगा. माशाची डोकी रात्रभर पडली की मांजरंच काय घुशी पण येतात.

---

झटपट_उपाय

खायला घालणाऱ्यांनाच दंड लावला पाहिजे. लाड करणारे करतात आणि घाण दुसऱ्याने काढायची.

---

भाटीची_आई

माझ्या चारही घरात आहेत आणि त्यांची शी मी काढते. तुम्ही कॉलनीतल्या बाटल्यांकडे लक्ष द्या.

---

लीड्सकर

भांडण मिटलं असेल तर मी जरा इथलं सांगतो. इंग्लंडमध्ये हा राष्ट्रीय प्रश्न आहे, इथे पाळलेली मांजरं दिवसरात्र मोकळी फिरतात, शेजाऱ्याच्या बागेत जातात आणि कायदा त्यांना अडवत नाही, कुत्र्याचं तसं नाही. त्यामुळे दुकानात मांजर हाकलायच्या वस्तूंचा एक अख्खा रॅक असतो. मी आणि माझ्या बायकोने त्यातलं बरंच घरी आणलंय.

वासाच्या सगळ्या गोष्टी, संत्र्याच्या साली, लव्हेंडर, त्या एका झाडाची रोपं जी मांजराला आवडत नाहीत म्हणून विकतात, या सगळ्याचा उपयोग पाऊस पडेपर्यंत. इथे पाऊस केव्हा पडतो हे विचारू नका. सिंहाच्या शेणाच्या गोळ्या पण मिळायच्या पाकिटात, खोटं नाही सांगत, मोठ्या मांजराच्या वासाने छोटं घाबरेल अशी कल्पना. आमच्या शेजारचं मांजर त्या वासावर निवांत झोपलं.

अल्ट्रासोनिक यंत्राचं जरा बरं आहे. आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० च्या वर, त्यामुळे आपल्याला न ऐकू येणारा आवाज त्यांना छळतो. इथल्या पक्षीसंरक्षणाच्या मोठ्या संस्थेने आरएसपीबीने त्याची बागांमध्ये चाचणी घेतली होती, मांजरं येण्याचं प्रमाण कमी झालं, पूर्ण बंद नाही झालं, आणि परिणाम दिसायला वेळ लागला. म्हणजे दोन दिवस लावून फेकून देऊ नये. पण म्हातारं मांजर किंवा निळ्या डोळ्यांचं पांढरं मांजर असेल तर पैसे वाया, त्यातली बरीच बहिरी असतात.

सगळ्यात उपयोगी पडला तो सेन्सरवाला स्प्रिंकलर. नळीला जोडायचा, जमिनीत खुपसायचा, बॅटरीवर चालतो, समोर काही हललं की फस्सकन पाण्याचा झोत. इजा नाही, नुसता दचका. मांजर शहाणं असतं, दोनतीनदा भिजलं की रस्ता बदलतं. मग तुम्ही विसरून स्वतः मागच्या दाराने जाता आणि ऑफिसचे कपडे भिजतात हा भाग वेगळा. भारतात ऑनलाईन मिळतो असं भाऊ म्हणाला, किंमत मला माहीत नाही, आणि सोसायटीचं पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर टाकीचं कनेक्शन लागेल.

---

गल्लीतला_पाटील

सिंहाचं शेण!! आमच्याकडं गाईचंच परवडंना झालंय.

---

बाल्कनी_ते_वाफा

मी सविस्तर लिहितो कारण या विषयात वासावर बरंच बोलून झालं आणि मातीवर कुणीच बोललं नाही. मांजर वाफ्यात का येतं? कोरडी, मोकळी, चाळलेली माती त्याला उकरायला आणि झाकायला हवी असते. वाळवंटी जनावराचा वंशज आहे तो. तुम्ही पेरणीसाठी जी माती उत्तम म्हणून तयार करता ती त्याच्या दृष्टीने पण उत्तमच. पावसाळ्यात त्रास नव्हता हे तुम्हीच लिहिलंय बघा, तेव्हा माती चिकट ओली होती. म्हणून वास वगैरे सोडा, मातीचा पृष्ठभाग बदला.

पेरल्यावर एक इंची कोंबडी जाळी वाफ्यावर आडवी पसरा, कडा आत दुमडा म्हणजे तारा टोचणार नाहीत, आणि तारेच्या यू आकाराच्या खुंट्यांनी ठोका. पंजा जाळीत अडकायला लागला की मांजर वैतागून जातं, इजा होत नाही. पालक, मुळा याला जाळी तशीच राहू द्या, वर येऊ द्या. मेथी आणि कोथिंबीर मात्र आपण मुळासकट उपटतो, तेव्हा जाळी आत गुंतली की अर्धी मेथी तुटते आणि डोकं फिरतं. तिथे मेथी तीन चार बोटं झाली की हलक्या हाताने जाळी उचला, तोवर दाट झालेली असते, मोकळी माती दिसत नाही आणि मांजराला रस उरत नाही. मेथी उगवायला चारपाच दिवस आणि काढणीला महिनाभर, म्हणजे राखण करायची ती पहिल्या पंधरवड्यातच.

जाळी नको असेल तर अर्धा इंची पीव्हीसी पाइपची कमान करून वर शेडनेट टाका, उन्हापासून पण संरक्षण. कुंड्यांना सोपं आहे, करवंट्या उपड्या ठेवा, नारळाची सोडणं ठेवा, विटांचे तुकडे, खडी, काहीही, फक्त तळहाताएवढी पण मोकळी माती दिसता कामा नये. अगरबत्तीच्या संपलेल्या काड्या चार चार बोटांवर उभ्या खोचल्या तरी कुंडीत बसायला जागा उरत नाही, आमच्याकडे वर्षभर साठवतो आम्ही, आई म्हणते देवाची काडी मांजरासाठी वापरतोस.

काही लोक संध्याकाळी पाणी घालून माती ओली ठेवा म्हणतात. मांजरं रात्री आणि पहाटे येतात म्हणून ते बरोबर आहे, पण कोवळ्या रोपांना रात्रभर ओल राहिली की बुडाशी कुजतात, कोथिंबिरीचं तर ठरलेलंच. त्यापेक्षा वाफ्याला सकाळी पाणी आणि संध्याकाळी नुसत्या मधल्या वाटा ओल्या करा.

खत कुठलं घालता? बोनमील म्हणजे हाडांची भुकटी किंवा मासे धुतलेलं पाणी गुलाबाला कढीपत्त्याला घालत असाल तर मांजर नुसतं शीसाठी नाही, शोधायला उकरतंय. तिथे निंबोळी पेंड घाला.

आणि जिथे एकदा केलंय तिथे परत येतात वासावर. तेवढी माती खुरप्याने उचलून टाका, नवी घाला. फवारा मारलेली कुंडी साबणाच्या पाण्याने आणि मग व्हिनेगरने धुवा. अमोनिया असलेलं क्लिनर वापरू नका, त्याचा वास मुतासारखाच असतो, बोक्याला वाटतं दुसरा कुणीतरी येऊन गेला आणि तो अजून जोरात मारतो.

---

भाटीची_आई

यात माझी एक भर. नुसतं बंद केलं तर ती शेजारच्या जास्वंदीत जातील आणि शेजारीण धागा काढेल. भिंतीच्या कडेला, वाफ्यापासून लांब, पत्र्याखाली कोरडा राहील असा तीन बाय तीनचा वाळूचा कोपरा करा. बांधकामाची बारीक वाळू चालते. सुरुवातीला वाफ्यातलीच थोडी शी नेऊन तिथे टाका म्हणजे त्यांना कळतं. रोज सकाळी फावड्याने उचला, कागदात गुंडाळून कचऱ्यात. हे काम काकूंच्या गळ्यात घाला, खायला त्या घालतात ना!

---

गुरांचा_दवाखाना

वाळूच्या कोपऱ्याला माझा पाठिंबा, फक्त लहान मुलं तिथे अनवाणी खेळणार नाहीत असं बघा. मांजराच्या आणि कुत्र्याच्या हूकवर्मच्या अळ्या वाळूतून पायाच्या कातडीत शिरतात, नागमोडी लाल खाजरी रेघ उठते, लोक महिनाभर नायटा समजून मलम लावत बसतात. जाऊबाई आल्या की त्यांनी त्या बाजूला जायचंच नाही. मांजरांना जंताचं औषध नसबंदीच्या वेळी देऊन घ्या, एका फेरीत काम होतं.

---

फॅब्रिकेशनवाला

भिंतीवरून येत असतील तर एक जुगाड आहे. कंपाउंडच्या माथ्यावर तार ताणायची आणि त्यात तीन इंची पीव्हीसी पाइप ओवायचा, गोल गोल फिरेल असा सैल. मांजर सहा फुटाच्या भिंतीवर एका उडीत जात नाही, पुढचे पंजे माथ्यावर अडकवून अंग वर ओढतं. पंजा ठेवला की पाइप फिरतो आणि ते खाली येतं. काचा लावू नका, पाय कापतात. आमच्याकडे कबुतरखान्याच्या मालकाने करून घेतलंय, चालतंय. सोसायटीत कमिटीची परवानगी घ्या, पाइपचा रंग भिंतीला मॅच होत नाही म्हणून मीटिंग होते हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

---

अंगण_तळमजला

इतकं सगळं! नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याला फक्त सिंहाचं शेण लक्षात राहिलं.

आत्तापर्यंत झालं ते सांगते. खोकली गेली. कोंबडी जाळी बुधवार पेठेतून आणली, फुटावर कापून देतात, दुसऱ्यांदा पेरलेल्या मेथीवर घातली. जाळीखालची माती तशीच आहे. जाळी नसलेल्या पालकाच्या वाफ्यात मात्र काल परत येऊन गेले, म्हणजे जाळीमुळेच फरक पडतोय. बी विंगच्या काकूंना चहाला बोलावलं, भांडण होईल म्हणून सासूबाई स्वयंपाकघरातून कान देऊन होत्या, पण त्या स्वतःच म्हणाल्या त्या बोक्याचं करून टाकायचंय, एकटीला पकडता येत नाही. संस्थेचा नंबर त्यांच्याकडेच होता. खायची जागा जनरेटरच्या मागे न्यायला तयार आहेत, वाळू मी आणणार, फावडं त्या मारणार असं ठरलंय. फावड्याचं कितपत टिकतं बघू.

एकच राहिलं. आंब्याच्या झाडावर बुलबुल घरटं करतो दर वर्षी, आणि गेल्या उन्हाळ्यात मांजराने घरट्यातून त्याची पिल्लं पळवली. त्याला जाळी कशी लावू?

---

कुळागरातून

माडावर उंदीर चढू नये म्हणून खोडाला पत्र्याचा पट्टा लावतात तो बघितलाय का? तसाच. दीड दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा, जमिनीपासून पाच सहा फुटांवर, खोडाभोवती सैल गुंडाळायचा म्हणजे खोड वाढायला जागा राहते, खिळे मारू नका. फक्त भिंतीवरून किंवा पत्र्यावरून उडी मारून पोचता येईल अशी फांदी असेल तर ती आधी छाटा, नाहीतर पट्टा नुसता शोभेला. छाटणी आत्ताच करा, घरटं बांधल्यावर नको. पाण्याचं भांडं ठेवत असाल तर ते झुडपाला चिकटून ठेवू नका, चारी बाजूंनी सातआठ फूट मोकळं असलं की पक्ष्याला दबा धरलेलं मांजर दिसतं.

---

चौथा_मजला_डोंबिवली

धाग्यात घुसतोय, माफ करा. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत मांजर येतं, ग्रिल आहे, एसीच्या पाइपवरून चढतं. कुंड्यांत फक्त तुळस आणि लिली आहे. करवंट्या चालतील का?

---

गुरांचा_दवाखाना

चालतील, पण लिली आधी उचला. खरी लिली आणि डे लिली दोन्ही मांजराला फार वाईट, पान चावलं किंवा अंगाला लागलेले परागकण चाटले तरी किडनी जाते. ती आत घ्या किंवा कुणाला देऊन टाका, मग करवंट्यांचं बघा. पाइप जिथे ग्रिलला लागतो तिथे चिकन मेशची गोल टोपी करून बांधा.